च्च म्हणणारी पेटी

जगात आजवर कोणीही कोणाला सांगितलेली वेळ बरोबर नव्हती, असे माझ्या मामींच्या अण्णांचे मत होते. हे मत त्यांनी इतक्या लोकांच्या तोंडावर आणि इतक्या निष्ठेने सांगितले होते की तंजावरात त्यांना वेळ विचारायला कोणी धजत नसे, आणि सांगायला तर त्याहून नाही. मामींचे ते थोरले भाऊ. मामी त्यांना अण्णा म्हणत म्हणून आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. अंगाने काडी, खिशात दोन पेने, मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळावर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या खिशात दुसरे घड्याळ. कोणी वेळ सांगितली की ते आधी जिभेने 'च्च' असा आवाज करायचे. मग डोळे मिटून मनातल्या मनात काही हिशेब करायचे आणि म्हणायचे, "बसत नाही." सांगितलेली वेळ चुकून बरोबर असलीच तर मात्र काहीच बोलायचे नाहीत. नुसते गप्प. त्यांच्याकडची ही सर्वांत मोठी शाबासकी होती, आणि ती मिळालेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

त्यांच्या घराजवळच्या हॉटेलात कापी प्यायला जाणे हा एक सोहळाच असायचा. इकडे कॉफीला सगळे कापीच म्हणतात, आणि ती मागितली की हॉटेलातला माणूस 'रेंडु निमिषम्', म्हणजे दोन मिनिटे, असे म्हणतो. हे तो वेळ म्हणून सांगत नाही, नमस्कार म्हणून सांगतो. हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते. फक्त अण्णांना नव्हते. ते उभे राहूनच विचारायचे, "दूध तापलंय का?" "नाही." "डिकॉक्शन उतरलंय का?" "उतरतंय." "मग दोन मिनिटं कुठून आणलीस? नीट सांग, मग बसतो." अखेर तो माणूस शहाणा झाला. एकदा त्याने आपणहून सात मिनिटे सांगितली आणि चारच मिनिटांत कापी आणून ठेवली. अण्णा खूश होतील अशी बिचाऱ्याची समजूत. अण्णा म्हणाले, "च्च. हेही चूकच की. तीन मिनिटं मी काय करू आता?" आणि ती तीन मिनिटे कापीकडे बघत बसून त्यांनी ती गार करून प्यायली.

नातेवाइकांना त्यांचा जाच जास्त. एका लांबच्या भाचीच्या लग्नपत्रिकेत तारखेपुढे रविवार छापला होता आणि ती तारीख होती सोमवारची. पत्रिका हातात पडताच अण्णांनी मुलीच्या बापाला फोन केला. बाप वैतागून म्हणाला, "अण्णा, तुम्ही कधीही या, पण या." यावर कोणत्याही शहाण्या माणसाने मुहूर्त कधी आहे एवढे विचारले असते. अण्णांनी विचारले नाही, कारण पत्रिकेत दोन वेळा दिल्या होत्या आणि दोन्हींचा मान राखणे पाहुण्याचे कर्तव्य होते. ते रविवारी कुंभकोणमला मंगल कार्यालयात हजर झाले. तिथे रिकामा मांडव, केळीचे न बांधलेले खांब आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकासाठी पांढरा भोपळा चिरत बसलेला एक आचारी. तो आचारी म्हणजे माझे वडील. अण्णांना पाहून ते म्हणाले, "अण्णा, एक दिवस आधी आलात की." अण्णा म्हणाले, "मी वेळेवर आलोय. लग्न उशिरा आहे." मग ते भोपळ्याच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी वडिलांना सांबार उकळायला नेमका किती वेळ लागतो यावर छळले. वडील मात्र सांबाराच्या बाबतीत कोणाचे ऐकून घेणारे नव्हते. "वास आला की झालं, अण्णा. वासाला घड्याळ नसतं." अण्णा यावर गप्प बसले म्हणतात. वडिलांनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. जाताना अण्णांनी विचारले, "तुझा मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "बी.एस्सी. झालाय. घरी बसलाय." "पाठव."

असा मी पापनाशमहून तंजावरला गेलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. फिजिक्सची पदवी पदरात होती, इंग्रजी वाचता येत होते, बोलताना मात्र घाम फुटायचा. नव्या इस्त्रीच्या शर्टात, प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे घेऊन उभा राहिलो. अण्णांनी पदवीकडे पाहिलेही नाही. विचारले, "जन्मतारीख?"

"दोन जून एकोणीसशे सत्तर."

त्यांनी डोळे मिटले. "मंगळवार. आई काय म्हणते?"

माझी आई तारखा मानत नाही. मी म्हणालो, "आई म्हणते आडी महिन्यातला शुक्रवार."

"आडी जुलैच्या मध्यात लागतो. च्च. बसत नाही."

मी सांगितले ते आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि तोवर पाच वर्षे पुरी व्हायला हवीत असा नियम होता. मला दोन महिने कमी पडत होते. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितले, वडिलांकडे बघितले, आणि दोन जून लिहून टाकले. आमच्या वर्गात अर्धी मुले जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मली होती. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तारीख नामंजूर. तू उद्यापासून ये."

त्या दिवसांत देशाची दारे उघडली, असे पेपरात रोज येत असे. त्या दारांतून कोणाकडे परदेशी गाडी आली, कोणाच्या टीव्हीवर ढीगभर वाहिन्या आल्या. अण्णांकडे घड्याळाची चिप आली. चिंचोक्याएवढा काळा तुकडा, खाली आठ पाय. तेवढ्यासाठी त्यांनी टेलिफोन खात्यातली चांगली नोकरी सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत पेट्या बनवायला घेतल्या. शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा, शेतावरचा पंप ठरल्या वेळी सुरू आणि बंद करणाऱ्या पेट्या. बाहेर चार बटणे, त्यांवरून गिऱ्हाइकाने वेळा भरायच्या. आत चिप. आणि दोघांच्या मध्ये अण्णांनी लिहिलेला प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. आईने हे नाव ऐकून गावात सांगितले की मुलगा ड्रायव्हरचे काम शिकतोय, आणि त्यामुळे माझ्यासाठी आलेली दोन स्थळे परत गेली.

या ड्रायव्हरचे खरे काम म्हणजे चिपपर्यंत भलतेसलते काही पोहोचू न देणे. चिप ही साधुसंतांच्या जातीची. बत्तीस तारीख सांगा, ती ठेवून घेते. वार आणि तारीख वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते, आणि त्यांचे एकमेकांशी काही नाते असते हे तिच्या गावीही नसते. अण्णा तसले संत नव्हते. त्यांच्या ड्रायव्हरने वेळ आत सोडण्याआधी तिची अशी झडती घ्यावी की पोलिसांनी शिकावे. महिन्याला एवढे दिवस आहेत का? वर्ष लीप आहे का? वार तारखेला बसतो का? घंटा जितका वेळ वाजायची तो वेळ दोन घंटांमधल्या अंतराहून कमी आहे का? एवढ्यातले एक जरी बसले नाही तरी पेटी काही मानत नसे. ती 'च्च, च्च' असे दोनदा वाजायची आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहायची. हा आवाज अण्णांनी इतका मन लावून जुळवला होता की माहेरी आलेल्या मामी पहिल्यांदा स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अण्णा, आता कोणी काय केलं?"

हा कडकपणा उगीच आला नव्हता. त्यांची अगदी पहिली पेटी भोळी होती. ती ओरत्तनाडूच्या एका तांदूळ गिरणीत बसवली होती. मालकाने भोंगा दर दहा मिनिटांनी, पंधरा मिनिटे वाजावा असे भरले. पेटीने ते नम्रपणे मान्य केले. मग एक भोंगा संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा, आणि सकाळभर तो थांबलाच नाही. गिरणीच्या मजुरांना वाटले सुट्टी झाली, शेजारच्या कचेरीतल्यांना वाटले जेवणाची वेळ झाली, आणि एका म्हातारीने युद्ध लागले म्हणून कोंबड्या झाकून ठेवल्या. मालकाने अण्णांना बोलावून घेतले तेव्हा भोंगा चालूच होता, त्यामुळे तो काय बोलला हे अण्णांना ऐकू आले नाही. पण त्याचे तोंड त्यांना स्पष्ट दिसले. "तो चुकला हे खरं," अण्णा मला म्हणायचे, "पण माझ्या पेटीने त्याला सांगितलं नाही. ते त्याच्या चुकीहून वाईट."

घरातल्या माणसांनाही या झडतीतून सूट नव्हती. मामींच्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, राहुकाल पाळायच्या. त्या वेळात घराबाहेर पडायचे नाही, नवे काही सुरू करायचे नाही. अण्णांनी श्रद्धेला हात लावला नाही; ते सभ्य गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले की कॅलेंडरातला राहुकाल सूर्य रोज सहालाच उगवतो असे धरून छापलेला आहे, आणि सूर्याला हे कोणी कळवलेले नाही. मग त्यांनी दर दिवसाचा खरा राहुकाल काढून भिंतीवर लावला. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राहुकालही लांबला. वहिनींचे बाहेर पडणे आणखीच कठीण झाले. त्या मला म्हणायच्या, "न मानणारा नवरा परवडला असता रे. हा नीट मानणारा."

एवढे सगळे असून पेट्या खपत नव्हत्या. बाजारात बाहेरून आलेली स्वस्त यंत्रे दिसू लागली होती, ती कोणाला च्च करत नव्हती आणि दिसायलाही गोरी होती. पोंगलपर्यंत मोठे काम मिळाले नाही तर खोली बंद करावी लागेल हे अण्णांनी मला सरळ सांगितले. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचे कॉलेज उभे होते, म्हणून घरी मी ते सांगितले नाही. आणि मग मद्रासची एक कंपनी आली. दक्षिणेतल्या शाळांना पुरवायला त्यांना पेट्या हव्या होत्या, आणि त्या एका कामावर आमची चार-पाच वर्षे आरामात गेली असती.

त्यांचा अधिकारी माझ्याच वयाचा, मे महिन्यात टाय बांधलेला, घामाने थबथबलेला, पण हसतमुख. त्याचे सगळे बोलणे इंग्रजीमिश्रित तमिळमध्ये चाललेले. त्याने पेटी हातात घेतली आणि गमतीने एकतीस जून भरले.

पेटी म्हणाली, "च्च, च्च."

"सर, हे काढा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला रागावलेलं आवडत नाही. एकतीस भरलं तर गुपचूप तीस घ्यायचं. जवळची योग्य वेळ. त्याला कळायचंही कारण नाही."

"त्याला एक जुलै म्हणायचं असेल तर?"

"एका दिवसानं काय होतं, सर?"

अण्णांनी मला हाक मारली. "इकडे ये रे. साहेबांना जन्मतारीख सांग."

"दोन जून," मी म्हणालो.

"खरी आहे?"

"नाही."

"कोणी बदलली?"

"हेडमास्तरांनी."

अण्णा अधिकाऱ्याकडे वळले. "बघा. त्यांनीही जवळची योग्य तारीख घेतली. कोणाला च्च केलं नाही. मोठा प्रेमळ माणूस. आता याला विचारा, तू जन्मलास कधी. याला माहीत नाही. याच्या आईला तारीख माहीत नाही. खरी वेळ पुसली ती पुसलीच."

मला वाटले वाद इथेच संपला. पण तो टायवाला मूर्ख नव्हता. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पण सर, याला शाळेत प्रवेश मिळाला ना? हेडमास्तर तुमच्या पेटीसारखे असते तर च्च करून याला घरी पाठवलं असतं. पुढच्या वर्षी याच्या वडिलांनी आणलाच असता कशावरून? आज हा इथे उभा नसता."

हे खरे होते. पुढच्या वर्षी वडिलांनी मला भोपळे चिरायला नेले असते. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी डोळे मिटले होते, पण ओठ हलत नव्हते.  ते म्हणाले, "बरोबर आहे. प्रवेश द्यायलाच हवा होता." आणि मग हळूच, "पण याच्या आईला सांगायला हवं होतं. खरी ही, लिहिलेली ती. दोन्ही लक्षात ठेवा."

मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. तडजोड. पेटीने एकदाच च्च करावे, जवळची योग्य वेळ आपणहून पडद्यावर दाखवावी, आणि माणसाने 'होय'चे बटण दाबले की ती घ्यावी, दाबल्याशिवाय नाही. मी तर मनातल्या मनात बहिणीची फी भरून टाकली. अधिकाऱ्याने खांदे उडवले. आमच्या कंपनीला एकदाही आवाज नको आहे, तरी मद्रासला विचारतो, म्हणाला. जाताना त्याने किती दिवसांत कळवतो तेही सांगितले. अण्णा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "च्च."

मद्रासहून कधीच काही आले नाही. तत्त्वाचा संपूर्ण विजय झाला आणि आम्ही दोघे बेकार झालो. पोंगलच्या आत अण्णांनी टेलिफोन खात्यातल्या जुन्या ओळखी धुंडाळल्या आणि मला बंगळूरला एका कंपनीत चिकटवले. शिफारस करताना ते म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. जन्मतारीख तेवढी खोटी आहे." त्यामुळे बहिणीचे कॉलेज वाचले. अण्णांची खोली बंद झाली.

मी निघण्याआधी ते एकदा आमच्या घरी पापनाशमला आले आणि आईसमोर खुर्ची ओढून बसले. मी ओसरीत उभा होतो.

"अक्का, आडीत चार-पाच शुक्रवार असतात. हा कुठल्या?"

"अय्यो, मी काय मोजत बसले होते, अण्णा? मला कळा येत होत्या."

"च्च. आधीचं सांगा. नदीवरचा पेरुक्कू झाला होता?"

पेरुक्कू म्हणजे आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीच्या नव्या पाण्याची पूजा. आईचा चेहरा उजळला. "झाला होता की. दिवस भरत आले होते तरी गेले होते फुलं सोडायला. सासूबाई ओरडल्या, खालच्या पायरीवर जाऊ नको म्हणून. त्यानंतर तीन-चार दिवसांतच हा."

"सकाळी?"

"उजाडताना. अम्मनच्या देवळातला कर्णा नुकता लागला होता. पहिलं गाणं संपायच्या आत हा रडायला लागला."

अण्णांनी कापी घेतली आणि उठले. मागून कळले की ते तिथून देवळात गेले. लाउडस्पीकरचा तो कर्णा लावणारा म्हातारा अजून तोच होता. तो म्हणाला, साडेपाचला लावतो, इतकी वर्षे, एक दिवस चूक नाही. अण्णांनी हे ऐकून घेतले आणि पुढच्या शुक्रवारी पहाटेच्या बसने येऊन देवळाच्या पायरीवर बसले. म्हातारा आला, कापी प्यायला, शेजाऱ्याशी भांडला, आणि मग कर्णा लागला. घड्याळात पाच पन्नास झाले होते.

बंगळूरच्या गाडीत बसवताना अण्णांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पेटी दिली. "सात ऑगस्ट," ते म्हणाले. "शुक्रवार होता. बसतं. पाच पन्नास. त्या दिवशी म्हाताऱ्याचं शेजाऱ्याशी भांडण झालं होतं असं मी धरून चाललोय. तेवढं एक अंदाजानं घेतलंय." एवढे बोलून ते खिडकीबाहेर गप्प उभे राहिले. गाडी हलली तरी गाडीला उशीर झाला असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. दोन जूनला बँक, फोनची कंपनी आणि माझे ऑफिस मला न चुकता शुभेच्छा पाठवतात. एकतीस जूनलाही पाठवतील, त्यांना कोणी सांगितले तर. सात ऑगस्टला उजाडताना पेटी वाजते. मी लवकर उठतो आणि ती थांबेपर्यंत तिच्याजवळ बसतो. आई होती तोवर त्याच वेळेला फोन करायची आणि म्हणायची, "लागला का कर्णा?"

मधूनमधून पेटीतला सेल बदलावा लागतो. मग चिप सगळे विसरते आणि तारीख, वेळ, वार नव्याने भरावे लागतात. मी तारीख बरोबर भरतो, वेळ बरोबर भरतो आणि वार मुद्दाम चुकीचा भरतो. पेटी म्हणते, "च्च." आतून बायको विचारते, बिघडली का? मी नाही म्हणतो. तेवढ्यात पडद्यावर बरोबर वार येऊन थांबलेला असतो, मद्रासला नको होता तसाच, माझ्या उत्तराची वाट बघत. मी थोडा वेळ तसाच बसतो. मग 'होय' दाबतो, आणि पेटी गप्प होते.